बाळूची टाकी, वहिनींची फरशी

ठिबकच्या दुकानात पाइपचे तुकडे साठतात. कुणी वीतभर कापून ठेवलेला, कुणी हातभर. कामाला येत नाहीत, फेकवत नाहीत, आणि मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या किश्शांचं तसंच झालंय. चौसाळ्यात हायवेला बाळूचं ठिबकचं दुकान, त्याला खेटून माझं मोटार रिवायंडिंगचं. लाईट गेली की मी रिकामा, आणि लाईट तर जातेच! मग बाळूच्या बाकड्यावर मी, म्हणजे बंडू, आणि तात्या. तात्या म्हणजे सत्तरीचा गडी. पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं ते स्वतःच सांगतात.

यंदाचे सगळे किस्से एकाच टाकीचे आहेत.

*

बाळू पुण्याला लग्नाला गेलता. तिथं कुणाच्या तरी हॉलमध्ये खाऱ्या पाण्यातले मासे बघितले. नारंगी, पांढऱ्या पट्ट्याचे. झालं! आठ दिवसांत टेम्पोतून चार फुटी काचेची टाकी दारात.

हसू नका. लहानपणी ह्यानं हौदात मासे पाळले होते, आणि दर उन्हाळ्यात हौद आटायचा. दर उन्हाळ्यात हा रडायचा, मी बघितलंय.

सुनीतावहिनी, म्हणजे बाळूची बायको, झेडपीच्या शाळेत गणित शिकवतात. घरच्या हॉलमध्ये नुकतीच काळी चकचकीत फरशी बसवलेली. वहिनींनी टेप घेतला, टाकीची लांबी-रुंदी-उंची मोजली आणि म्हणाल्या, "जवळजवळ दोन क्विंटल बसेल."

"काय बसेल?" बाळू.

"ज्वारी. फरशीवर एक थेंब जरी दिसला, तर मासे वापस आणि टाकीत ज्वारी."

वहिनी एकदा बोलल्या की बोलल्या. बाळूचा चेहरा बघवत नव्हता.

*

माशांना आधी एकदम शुद्ध पाणी लागतं. म्हणून बाळूनं बोअरच्या पाण्याला आरओचा फिल्टर लावला. मग पुण्याहून आणलेलं समुद्राचं मीठ पिशवी फोडून त्यात घालायला लागला.

तात्या बराच वेळ बघत होते. "बाळ्या, बोअरचं पाणी कसं हाय?"

"खारट."

"ते तू काढलंस?"

"काढलं."

"आन् आता काय घालतूस?"

"मीठ."

तात्या उठले, चप्पल घातली. "मंग आपल्या बोअरनं काय घोडं मारलं हुतं बे?"

*

आता खरी भानगड. टाकीतलं पाणी सारखं खाली उतरायला पाहिजे. खाली स्टँडमध्ये दुसरी टाकी, तिथं ते गाळायचं आणि छोट्या मोटारीनं परत वर. चढवायला मोटार हाय, पण उतरवायचं कसं? दोनच वाटा. एक तर टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडून पाइप बसवायचा. न्हाईतर काठावर एक डबा अडकवायचा आणि वाकड्या नळीतून सायफननं पाणी काढायचं.

ह्या एका प्रश्नावर आमच्या बाकड्यावर तीन आठवडे चर्चा झाली. गिऱ्हाईकं येऊन मत देऊन जायची. एक जण ठिबकचे कॉक न्यायला आला आणि भोकाच्या बाजूनं भांडून, कॉक न घेताच गेला!

शेवटी बाळू आणि मी टाकी पाटोद्याला काचवाल्या रफिकभाईकडं घेऊन गेलो. भोक कुठं पाडायचं ते बाळूनं दाखवलं. रफिकभाईनं आधी टाकीकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"तीस वरसं झाली, लोक टाकी गळती म्हणून येतेत. गळत न्हाई म्हणून आलेले तुमीच पहिले!"

मग त्यानं काच तपासली. निघाली टफन, म्हणजे भट्टीत कडक केलेली! "ड्रिल लावू का? लावतो. पण घरी जाताना चुरमुरे घिऊन जावं लागंल."

टाकी तशीच परत आणली. म्हणजे उरला सायफन.

*

सायफन म्हटल्यावर तात्यांची छाती फुगली. "आरं, इहिरीवरून सायफननं हरभरा भिजवलाय मी! सरका तिकडं."

नळीत पाणी भरायला पुण्याच्या टाकीवाल्या दुकानदारानं एक पिचकारी दिली होती. तात्यांनी ती बाजूला ठेवली, नळीचं टोक तोंडात धरलं आणि असं काही ओढलं, की एका दमात गालफाडं टम्म!

तोंडात समुद्र. थुंकावं तर खाली काळी फरशी. आणि तेवढ्यात दारात वहिनी!

"तात्या, चहा टाकू का?"

तात्यांनी मान हलवली.

"साखर कमी की नेहमीसारखी?"

आता ह्याला मान कशी हलवणार? तात्यांनी बाळूकडं बघितलं. बाळूनं हात जोडले. डोळ्यांत पाणी, खरंच. तात्यांनी डोळे मिटले आणि गटकन गिळलं.

"जास्तीची," ते म्हणाले.

नंतर दोन दिवस तात्या दुकानात आले न्हाईत. तिसऱ्या दिवशी आले ते एवढंच म्हणाले, "लई निबर असतेत बे ते मासे."

*

मासे आले, सायफन चालू झाला. आणि मग कळलं, की खरा वैरी वायरमन हाय.

लाईट गेली की मोटार बंद. आली की आपोआप चालू. व्होल्टेज कमी असलं की पाणी हळू वाहतं आणि सायफनच्या नळीत हवा धरते. हवा धरली की पाणी खाली उतरायचं बंद. मोटार मात्र खालचं पाणी वर ढकलत राहते, म्हणजे वरची टाकी भरून फरशीवर!

आयुष्यभर मी लोकांच्या पंपाला ऑटो बसवून दिले, लाईट येताच मोटार सुरू व्हावी म्हणून. लाईट आली की सगळं गाव मोटार चालू करायला शेतात पळतं. आणि आम्ही तिघं मोटार बंद करायला बाळूच्या घरात!

एकदा मी बाळूला म्हटलं, "खालच्या टाकीत पाणी लई झालंय का बे?"

बाळू चिडलाच. आपल्याकडं पाणी आलं की टिपाड, हंडा, तांब्यासुद्धा काठोकाठ भरायचा. अर्धं भांडं दिसलं की आई रपाटा घालायची. "चार बोटं जागा सोडली, तीच जिवावर आली माझ्या," म्हणाला.

*

शनिवारी सकाळची शाळा. वहिनी शाळेत. लाईट आली, आम्ही पळालो, पण मध्ये तात्यांची चप्पल तुटली. पोचलो तर हॉलमध्ये तळं!

बाळू खालीच बसला. "गेले रे माझे मासे," म्हणाला. मासे आत मजेत फिरत होते. मग काय, माझा बनियन, बाळूचा टॉवेल, तात्यांचं उपरणं. तीन बाप्ये गुडघ्यावर! शेवटचा पिळा मारला आणि वहिनींची स्कूटी वाजली.

वहिनी आत आल्या. "फरशी कुणी पुसली?"

"मी," बाळू म्हणाला. "सहजच."

सतरा वर्षांच्या संसारातलं पहिलं सहजच! वहिनींनी तात्यांच्या खांद्यावरच्या गळत्या उपरण्याकडं बघितलं. वरून पंखा चालू. फरशी वाळत चालली होती, आणि वाळेल तसा तिच्यावर मिठाचा पांढरा नकाशा उमटत चालला होता.

वहिनी आत गेल्या. आतून ज्वारीचं पोतं ओढल्याचा आवाज आला. बाळूनं माझा हात धरला.

वहिनी बाहेर आल्या. हातात दळणाचा डबा. "गिरणीत टाकून या," म्हणाल्या. बस्स!

*

सोमवारी त्यांनी बाळूच्या हातात एक कागद दिला. सातवीची घटक चाचणी, छत्तीस झेरॉक्स काढून आणा. झेरॉक्सवाला आमच्या समोरच. मशीन चालू होतं आणि बाळू पाचवा प्रश्न वाचता वाचता थांबला. मग मी वाचला. तात्यांचा चष्मा घरी होता, म्हणून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"प्रश्न ५. एका काचेच्या टाकीखाली दुसरी टाकी आहे. ती एका गृहस्थाने जवळजवळ काठोकाठ भरली. शनिवारी वरची टाकी वाहू लागली. बाळू, बंडू व तात्या हे तिघे मिळून एक फरशी पाऊण तासात पुसतात. सुनीता तीच फरशी एकटी दहा मिनिटांत पुसते. तर खालच्या टाकीत किती बादल्या पाणी कमी ठेवावे, म्हणजे ते सगळे वर गेले तरी फरशी कोरडी राहील? ज्वारी तूर्त पोत्यातच आहे असे समजावे.

सूचना : पाणी तोंडात धरून उत्तर देऊ नये."