बिनघुंगरांचा डॉक्टर

म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तीनतालाचे बोल म्हणणारा माणूस अख्ख्या मावळात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बायको आपण निवडतो, निदान तसं आपल्याला वाटतं. साडू मात्र तिच्यामागोमाग आपोआप येतो आणि मग जन्मभर निभावून न्यावा लागतो. आमचे हे साडू वडगावात गुरांचे डॉक्टर आहेत. अंगानं भरदार, मिशा जाड, आवाज असा की त्यांनी गोठ्याच्या दारातून ‘उभी राहा गं’ म्हटलं तर आतली गाय तर उठतेच, पण शेजारी बसलेली तिची मालकीणही उठून उभी राहते. अशा माणसानं पंचेचाळिशी उलटल्यावर कथक शिकायला घेतलं, आणि आता दहाएक वर्षं झाली तरी ते सोडलेलं नाही. घरातल्यांनी सुरुवातीला ‘थंडीताप आहे, उतरेल’ म्हणून दुर्लक्ष केलं होतं.

त्याचं असं झालं. लोणावळ्यात एका जुन्या बंगल्यात एक बाई कथक शिकवतात. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. दहाएक वर्षांपूर्वी त्यांच्या कुत्र्याचा कान दुखत होता म्हणून डॉक्टरांना बोलावणं आलं. व्हरांड्यात मुलींचा वर्ग चालू होता. कुत्र्याचा कान अर्ध्या तासात साफ झाला, पण डॉक्टरांच्या कानात जे शिरलं ते काही निघेना. पुढच्या गुरुवारी ते न बोलावताच तिथं हजर झाले. “कुत्रा बरा आहे,” बाई म्हणाल्या. “हो, दिसतंय,” असं म्हणून डॉक्टरांनी चपला काढल्या आणि परकर-ओढणीतल्या मुलींच्या मागं जाऊन उभे राहिले. बाईंनीही काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “पोट आत घ्या.” ते अजून घेतायत.

तेव्हापासून त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट लयीत तरी दिसते किंवा लय चुकलेली तरी. म्हैस रवंथ करताना तिच्यासमोर उकिडवे बसून मांडीवर ताल धरतात आणि मालकाला सांगतात, “विलंबित चाललंय. पोट बिघडलंय हिचं.” निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं, त्यामुळे कुणाला काही बोलताही येत नाही. चकरा घेताना नजर एका जागी खिळवून ठेवावी लागते म्हणे, नाहीतर भोवळ येते. एका दिवाळीत सासुरवाडीला त्यांनी त्यासाठी भिंतीवरचा आमच्या कैलासवासी सासऱ्यांचा फोटो निवडला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. जावई गरगर फिरतोय आणि दर फेऱ्याला मान झटक्यानं वळवून फोटोकडे बघतोय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ह्यांच्यावर एवढा जीव होता यांचा, कधी बोलले नाहीत हो!” तुमचा नाही का, हे त्यांनी विचारलं नाही, पण त्या फराळात माझ्या ताटात करंजी एक आणि डॉक्टरांच्या ताटात वरचेवर पडत होती.

गावोगावी ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. बेडशाला एक आबा आहेत, डॉक्टरांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी एकदा फार हळव्या आवाजात विचारलं, “नाच शिकताय म्हनं, डाक्टर. दवाखाना चालंना व्हय?” तमाशा वेगळा आणि कथक वेगळं हे समजावून सांगण्यात वेळ न घालवता डॉक्टरांनी गोठ्यासमोरच्या सारवलेल्या अंगणात नाचाचा एक तुकडा करून दाखवला. समेवर त्यांनी जो पाय आपटला त्यानं खुंट्याची म्हैस दावं तोडून ओढ्यापलीकडे गेली. “लय झ्याक,” आबा म्हणाले, “पर हितं नगा करू. म्हस पान्हा चोरंल अशानं.”

या सगळ्यात एक गोष्ट मात्र डॉक्टर थट्टेवारी नेत नाहीत, आणि ती म्हणजे घुंगरू. बाईंकडचा रिवाज असा, की घुंगरू बाजारातून आणून बांधायचे नाहीत. पाय तयार झाला असं वाटलं की बाई स्वतःच्या हातानं देतात, आणि ते मिळाल्याशिवाय मंचावर पाऊल ठेवायचं नाही. डॉक्टरांच्या पुढं उभ्या असलेल्या मुलींना ते मिळाले, मग मागाहून आलेल्यांना मिळाले. डॉक्टर दर गुरुपौर्णिमेला नवा झब्बा घालून जातात आणि पेढे घेऊन परत येतात. पायात काही नाही. पेढे आम्हाला वाटतात आणि म्हणतात, “बरोबर आहे त्यांचं.” एवढं बोलून ते पेढ्यांचा रिकामा पुडा नीट घडी करून झब्ब्याच्या खिशात घालतात.

ही अडचण आबांच्याही कानावर गेली. त्यांनी बैल विकून टाकले होते. पोळ्याच्या सुमारास ते वडगावला आले आणि दवाखान्याच्या टेबलावर बैलाची घुंगुरमाळ ठेवली. “आता टॅक्टरच्या गळ्यात काय बांधायची? तुमी बांधा. त्या बाईस्नी काय कळतंय तुमच्या पायातलं!” म्हाताऱ्याचं मन मोडवेना, आणि बाईंना न विचारता बांधवेना. शेवटी डॉक्टर ती माळ घेऊन लोणावळ्याला गेले. बाईंनी ती कानाशी धरून वाजवली, नाद फार छान आहे म्हणाल्या आणि परत दिली. “पण ही गळ्यातली आहे, डॉक्टर. आपलं अजून पायाचं ठरायचंय.”

यंदा मात्र ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचा, धीर सुटला. मला म्हणाली, “तुम्ही एकदा बोलून बघा ना बाईंशी. त्यांचं वय झालं, यांचे गुडघे बोलायला लागले. एकदा मंचावर नाचू दे यांना, मग काय ते होवो.” मला नाचातलं ओ की ठो कळत नाही, आणि दुसऱ्याच्या भानगडीत पडायचा माझा स्वभावही नाही. पण ताईला नाही म्हणणं जमलं नाही. डॉक्टरांना सांगूनच गेलो. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाले, “जाताय तर आडून विचारा. मागितल्यासारखं नको.”

बाई व्हरांड्यातच बसल्या होत्या. सगळं मोकळं मोकळं होतं. वर्ग कधी असतो, विचारलं, तर म्हणाल्या, “आता वर्ग कसला. डॉक्टर येतात गुरुवारी.” मी आडून विचारायचं ठरवून सरळच विचारलं. त्या जराशा हसल्या. “डावा पाय मागं राहतो हो त्यांचा.” मग पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मला वाटलं, बोलणं संपलं. तेवढ्यात म्हणाल्या, “मुलींना घुंगरू दिले ना सगळ्यांना. कुणी पुण्याला, कुणी परदेशात. दिले की जातात हो माणसं.” मी पाणी प्यालो आणि निघालो.

वडगावला पोचलो तेव्हा डॉक्टर दवाखान्यामागच्या नळावर हात धूत होते. ताई दारात उभी होती. “काय म्हणाल्या?” त्यांनी साबण चोळत, माझ्याकडे न बघता विचारलं. दोन वाक्यं होती माझ्याजवळ. त्यातलं एक सांगितलं. “डावा पाय मागं राहतो म्हणाल्या.”

त्यांचे हात थांबले. “डावाच ना? उजव्याचं काही बोलल्या नाहीत?”

“नाही.”

“म्हणजे उजवा झाला!” पंचावन्नाच्या घरातला तो धिप्पाड माणूस साबणाच्या हातांनी माझे खांदे धरून मला हलवत होता. “अगं, ऐकलंस का? उजवा झाला!”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे चहा मागितला.