मागच्या बाकावरून घेतलेलं नाव

माझ्या मुलीचं लग्न पवित्र मरियेवर अडलं होतं. असं सांगितलं की लोक हसतात, आणि लोकांना हसवायला मला मनापासून आवडतं. पण त्या दिवसांत आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. आमची स्नेहल आणि सुमीत एकाच ऑफिसात कामाला. दोघांचं जमलेलं, दोघंही ख्रिस्ती, दोघंही मराठी, आणि तेही सुरतेत! याहून जास्त देवानं काय जुळवून द्यायचं? पण आम्ही कॅथलिक, मूळचे श्रीरामपूरकडचे. आणि सुमीतची माणसं प्रॉटेस्टंट, नंदुरबारकडून मिलच्या कामाला येऊन इथंच भेस्तानला घर केलेली. त्याचे वडील वारलेले. सगळा निर्णय आईचा, शालिनीताईंचा. त्यांनी निरोप धाडला होता: "मुलगी चांगली आहे. पण तुमच्या पद्धतीबद्दल माझे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं पटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." आणि सुमीतनं स्नेहलला सरळ सांगितलं होतं, की ज्या आईनं एकटीनं वाढवलं, तिचं मन मोडून तो लग्न करणार नाही. पोरगी जेवणाच्या ताटावर नुसती बसून राहायची. कारल्याची भाजी केली तरी तक्रार करायची नाही, यावरून काय ते समजा.

खरं सांगतो, मला वरवर काळजी आणि आतून उकळ्या फुटत होत्या. आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकात दरवर्षी दुष्ट हेरोद राजा मीच असतो. लहान पोरं रडेपर्यंत मी गर्जना करतो. मला कुणी प्रश्न विचारणार, तेही चार माणसांत, ही तर पर्वणीच! मी फादरांकडून दोन पुस्तकं आणली, आरशासमोर उभं राहून तालमी केल्या. बायको म्हणाली, "अहो, मुलगी द्यायची आहे, निवडणूक नाही लढवायची." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

शालिनीताई आमच्या बमरोलीच्या घरी आल्या त्या सुमीतला घेऊन, फिक्या रंगाची साडी नेसून, चेनच्या कव्हरातलं बायबल छातीशी धरून. "सलाम," म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि भिंतीवरच्या मरियेच्या तसबिरीकडे बोट दाखवून थेट सुरुवात केली. तसबिरी का लावता? मी तयार होतो. म्हटलं, "ताई, तुमच्या घरी तुमच्या मिस्टरांचा फोटो असेल. त्याची तुम्ही पूजा करता का?"

"आम्ही हार घालत नाही."

"धूळ तर पुसता?"

"ती आता सून आल्यावर पुसेल," त्या म्हणाल्या, अगदी सरळ चेहऱ्यानं. 'सून' हा शब्द ऐकून स्नेहलनं कित्येक दिवसांनी मान वर केली. बाई आपल्याच जातीची निघाली, मी मनात म्हटलं. ठेवणीतले टोले हिच्याकडेही आहेत.

मग मरिया. मी उभाच राहिलो. बायबलातल्या काना गावच्या लग्नाचा सगळा देखावा उभा केला: वरमाई घाबरलेली, वाढपी एकमेकांकडे बघतायत, आणि द्राक्षारस संपल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते एका आईच्या, येशूच्या आईच्या. "घरात काय कमी आहे ते आईला कळतं आणि ती जाऊन मुलाच्या कानात घालते. आम्ही तिच्याकडे जातो ते एवढ्यासाठीच." त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर. पण तिनं वाढप्यांना मुलाकडे धाडलं, आपल्याकडे बोलावलं नाही." मी खाली बसलो. फादरांसमोर पापं का सांगता, देवाला थेट ऐकू येत नाही का, यावर मी म्हटलं, "देवाला येतं हो. मला येत नाही. मनातल्या मनात सांगताना मी स्वतःला फार सवलत देतो. समोर माणूस बसला की ती मिळत नाही." यावर त्या नुसतं "हं" म्हणाल्या. तो "हं" मी आजही जपून ठेवला आहे.

शेवटचा प्रश्न त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारला. "माणूस गेला की तो प्रभूच्या हातात. मग तुम्ही गेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला करता? वचनात दाखवा." माझा हुकमाचा पत्ता हाच होता! जुन्या करारातला दाखला मी खूण करून ठेवला होता. मोठ्या थाटात म्हटलं, "तुमच्याच बायबलात काढा." त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली, अनुक्रमणिका पाहिली. "हे पुस्तक आमच्यात नाहीच." स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. आमच्या बायबलात काही पुस्तकं जास्त आहेत हे तालमीच्या नादात मी साफ विसरलो होतो. मग मी पुस्तकाविना बोललो, पुष्कळ बोललो, पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "हा प्रश्न राहिला."

त्या गेल्यावर स्नेहल आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बायको भांडी आवरत म्हणाली, "बाकी प्रत्येक प्रश्नाला त्या तुमच्याशी भांडल्या. या एकाला भांडल्या नाहीत. तुमच्या लक्षात आलं का?" नव्हतं आलं. आणि तीच पुढे म्हणाली, "नोव्हेंबर आहे. रविवारी आपली मराठी मिस्सा आहे. त्यांना बोलवा, आणि तुम्ही तोंड बंद ठेवा."

सुरतेत मराठी मिस्सेला, चर्चमधल्या आमच्या रविवारच्या उपासनेला, वेळ मिळते ती गुजराती, हिंदी आणि इंग्रजी झाल्यावर उरलेली, म्हणजे भर दुपारची. माणसं थोडी: कुणी पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंगमधून, कुणी कापड विणायच्या लूमवरून, शिफ्ट सांभाळून येतात. नोव्हेंबर हा आमच्याकडे गेलेल्यांच्या आठवणीचा महिना. त्या मिस्सेत फादर थांबतात आणि ज्यानं त्यानं बसल्या जागेवरून आपल्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, प्रत्येक नावाला सगळे मिळून म्हणतात, "प्रभू, त्याला शांती दे." यात आमची एक रीत आहे. ती कुणी ठरवली नाही, पडत गेली. ज्याचं माणूस अलीकडे गेलं आहे त्याचा गळा दाटतो, ओठ हलत नाहीत. अशा वेळी शेजारी बसलेल्यानं हळूच नाव विचारून घ्यायचं आणि त्याच्या वतीनं मोठ्यानं घ्यायचं.

शालिनीताई आल्या, पण अट घालून. "मी बघायला येतेय. म्हणणार काही नाही." आमच्याबरोबर पुढे बसायलाही त्या तयार झाल्या नाहीत, सुमीतला घेऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसल्या. मी पुढे गुडघे टेकले आणि मनात म्हटलं, "प्रभू, माझ्याकडची उत्तरं संपली. पोरगी तुझी आहे, तू बघ." इतकी छोटी प्रार्थना मी जन्मात केली नव्हती. माझ्या प्रार्थनाही भाषणासारख्याच असतात.

नावं सुरू झाली. मी माझ्या आईचं घेतलं, बायकोनं तिच्या भावाचं. पुढचं मला सुमीतनं नंतर सांगितलं, कारण मी पाठमोरा होतो. मिस्सा सुरू झाल्यावर एक बाई घाईनं येऊन त्यांच्या बाकावर टेकली होती. अंगानं आडवी, मांडीवर डब्याची पिशवी, दुपट्ट्याला सुताचे धागे चिकटलेले. एकामागून एक नावं येत होती आणि शालिनीताई ओठ घट्ट मिटून समोर बघत होत्या. त्या तत्त्वानं गप्प होत्या. शेजारच्या बाईला ते कसं कळावं? तिला वाटलं, हिचा गळा दाटलाय. ती वाकली, शालिनीताईंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाही निघत ना, बेन? कोणाचं आहे सांगा. मी घेते."

'आम्ही हे करत नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सुमीतला वाटलं, आई आता तेच म्हणणार. पण आईच्या तोंडून एक शब्द निघाला, इतका हळू की त्यालाही ऐकू आला नाही.

आणि लूमच्या खडखडाटावर मात करायची सवय असलेल्या आवाजात, मागच्या बाकावरून, सगळं चर्च दणाणून त्या बाईनं हाक दिल्यासारखं नाव घेतलं: "अमोल!"

"प्रभू, त्याला शांती दे," आम्ही सगळे म्हणालो. मीही म्हणालो. कोण अमोल, हे मला ठाऊक नव्हतं.

मिस्सा संपल्यावर मागे गेलो तर शालिनीताई पदराआड रडत होत्या आणि सुमीत त्यांच्यासमोर खाली बसला होता. ती बाई नव्हती. बस गाठायची म्हणून निघून गेली होती. आम्ही त्यांना आवारातल्या झाडाखाली बसवलं, चहा आणला. एरवी नीटनेटकं मराठी बोलणाऱ्या शालिनीताई एकदम घरच्या अहिराणीत बोलल्या, "मन्हा पहिला पोऱ्या. अमोल." शाळेत जायच्या वयात तापानं गेलेला. सुमीत तेव्हा मांडीवर होता. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मायेनंच समजावलं होतं, की लेकरू प्रभूजवळ सुखात आहे, त्याच्यासाठी आता काही मागायचं उरलेलं नाही. ते त्यांनी मानलं होतं, आजही मानत होत्या. "पण मागायचं उरलं नाही म्हणताना नाव घ्यायचंही राहून गेलं. घरात कोणी घेईना. मीही घेईना. मग मी तरी कुठे घ्यायचं होतं हो त्याचं नाव?"

हा होता तो राहिलेला प्रश्न. माझ्या जिभेवर एक सुंदर उत्तर आलं होतं, अगदी तयार. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. मी उत्तर चहाबरोबर गिळलं.

बोलली ती स्नेहल. "अमोलदादांना काय आवडायचं?"

शालिनीताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सांगायला लागल्या. संडे स्कूलमध्ये सगळ्यात मोठ्यानं आणि सगळ्यात बेसूर गायचा, आणि गाऊन झालं की कोण हसतंय ते बघायचा. भाताच्या पातेल्यातली खरवड त्यालाच लागायची. पाळकसाहेबांची सायकल एकदा विहिरीपर्यंत ढकलत नेली होती आणि विचारल्यावर म्हणाला होता, तिला तहान लागली होती. त्या हसत होत्या, रडत होत्या, आणि सुमीत पहिल्यांदाच आपल्या भावाला भेटत होता.

त्या बाईला मी पुढे पुष्कळ शोधलं. ती कुणाला माहीत नव्हती, पुन्हा आमच्या मिस्सेला दिसली नाही. यावर मी काही दावा करत नाही. सुरतेत माणसं कामाला येतात आणि दुसरीकडे काम मिळालं की जातात. मी एवढंच जाणतो, की मी पुस्तकं घेऊन, आवाज लावून ज्या दारावर धडका देत होतो, ते एका चुकीच्या समजुतीनं, एका दमलेल्या हातानं उघडलं. प्रश्न होता हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून कुणी काही विचारलं तर उत्तर देण्याआधी मी थोडा थांबतो. फार नाही, माझ्या स्वभावाला जमेल तेवढंच. तेवढ्या जागेत देवाला काही करायचं असेल तर त्यानं करावं. त्याचे उपकार मानायला माझ्याकडे शब्द पुष्कळ आहेत, पण ते वापरावेसे वाटत नाहीत.

शालिनीताईंना मरियेबद्दल माझं म्हणणं अजून पटलेलं नाही. त्या दिवशीही चहाचा कप खाली ठेवून त्यांनी ते बजावलंच. मग डोळे पुसले, साडी सारखी केली, आणि माझ्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "लग्न मे महिन्यात नको धरायला. आमची माणसं खानदेशातून येतील, उन्हाचा त्रास होतो."

स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं. चर्चचं आवार होतं, माणसं जमली होती, असा प्रसंग मी आयुष्यात सोडला नसता. पण मी डोक्यावरची टोपी काढली आणि नुसता मान हलवत बसून राहिलो.