साडूभाऊंचं नव्याण्णवचं मशीन

आमच्या साडूभाऊंचा हात लागला की निर्जीव वस्तूसुद्धा आपण निर्जीव आहोत हे विसरून जायची, असं मी आजवर कितीतरी लग्नकार्यांत पंगतीला सांगून लोकांना हसवलं आहे. त्यांच्या कॉम्प्युटरची गोष्ट तर लोक मागून घेतात. पण ती मी नेहमी दसऱ्याच्या संध्याकाळपाशी आणून सोडतो आणि जिलबीकडे वळतो. गेली पंचवीस वर्षं असाच वळतो आहे. आता डॉक्टरांनी जिलबी बंद केली, तेव्हा पुढचं सांगायला हवं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. डोंबिवलीत एकाच इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या. ठाण्याच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत, पण खरा संसार घरातल्या मोडक्या वस्तूंशी. नवीन काही विकत घेणं म्हणजे त्यांच्या मते शरणागती. त्यांच्या दारावरची घंटा जुन्या टेलिफोनची होती, त्यामुळे कुणी आलं की ताई आधी फोनकडे धावत आणि मग दाराकडे. इमारतीतल्या बायका बंद पडलेले मिक्सर, इस्त्र्या घेऊन त्यांच्याकडे येत आणि म्हणत, "यांच्या हाताला गुण आहे हो!" माझी इस्त्री त्यांनी दुरुस्त करून परत केली तेव्हा सोबत दोन स्क्रू पुडीत बांधून दिले. मी विचारलं, "हे कुठले?" तर म्हणाले, "मास्तर, हे कंपनीने उगाच घातले होते." ती इस्त्री नंतर अकरा वर्षं चालली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नौपाड्यातलं एक ऑफिस बंद झालं आणि तिथला जुना कॉम्प्युटर साडूभाऊंनी उचलला. टेंपोच्या मागच्या बाजूला बसून, मॉनिटर मांडीवर घेऊन, बाळंतिणीला माहेरी आणावं तसा त्यांनी तो घरी आणला. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "नातवाला." नातू तेव्हा नाशकात, लेकीकडे, चार महिन्यांचा होता. खरं कारण म्हणजे मोटारशर्यतीचा एक खेळ. ज्यांना आयुष्यात सायकल आली नाही ते साडूभाऊ पडद्यावर मोटार हाकत, वळण आलं की स्वतः खुर्चीसकट कलत, आणि धडक झाली की "अरे, बघून चालव की!" असं स्वतःलाच ओरडत.

पण त्या जुन्या यंत्राला तो खेळ झेपेना. मोटार गचके खात जाई. मग साडूभाऊंनी कंबर कसली. कुठल्या कुठल्या जुन्या मालाच्या दुकानांतून ते रॅमच्या पट्ट्या आणत, खोडरबराने घासून त्यांचे पाय लख्ख करत आणि जागेवर बसवत. आवाजाचं कार्ड एका मेलेल्या मशीनमधून काढलं, स्पीकर टेपरेकॉर्डरमधून. एवढं सगळं आत गेल्यावर झाकण बसेना, म्हणून ते उघडंच ठेवून घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यावर रोखला. ताई म्हणाल्या, "आम्ही इथे घामाने न्हातोय आणि वारा कोणाला? त्या डब्याला!" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "अगं, तो विचार करतो. आपण नुसते बसतो." आश्चर्य म्हणजे काही महिन्यांत मोटार सुळसुळीत धावायला लागली. डब्याच्या तोंडावर वेगाचा आकडा दाखवणारी लाल दिव्यांची खिडकी होती. आतल्या पिना इकडच्या तिकडे करून साडूभाऊंनी तिथे कायमचा नव्याण्णव लावला. "शंभर का नाही?" मी विचारलं. "दोनच आकडे मावतात," ते म्हणाले.

पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी त्याच सुमारास कोरा करकरीत कॉम्प्युटर घेतला होता. ते जिन्यात कुणाला तरी म्हणाले, "भंगार ते भंगारच." झालं! साडूभाऊंनी पैज लावली: दसऱ्याच्या संध्याकाळी, सगळ्या इमारतीसमोर, तोच खेळ दोन्ही मशीनवर.

आता माझं. मी सकाळच्या शाळेचा मास्तर, दुपारी एक वाजता घरी. साडूभाऊ कामावर, ताई दुपारी भजनाला, आणि त्यांची किल्ली आमच्याकडे. "पन्नाशीत हा पोरखेळ?" असं चारचौघांत साडूभाऊंना सुनावणारा मी त्या किल्लीने रोज दुपारी तिसऱ्या मजल्यावर जाऊन मोटार चालवत होतो. साडूभाऊंनी वाढवलेला वेग मला आवरत नसे, पहिल्याच वळणाला मी खड्ड्यात. मग मला डब्यावरच्या एका बटणाचा शोध लागला. ते आत दाबलेलं असलं की मशीन पूर्ण वेगाने चाले. बाहेर काढलं की मशीन मंदावे आणि मोटार मास्तरांच्या बेताने चाले; आकडा मात्र नव्याण्णवच राही. उठताना मी न विसरता बटण परत आत दाबून ठेवायचो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ताई भजनाहून लवकर परतल्या. जिन्यात चपला वाजल्या. मी घाईने मशीन बंद केलं, "वर्तमानपत्र न्यायला आलो होतो," म्हणालो आणि सटकलो. बटण बाहेरच राहिलं. त्याच संध्याकाळी साडूभाऊंनी मशीन पुसून, हळदकुंकू लावून, पाने-पक्कडींच्या शेजारी पूजेत मांडलं. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत चालवायचं नाही हा त्यांचा नेम. म्हणून त्यांनी एकदाही तपासून पाहिलं नाही.

दसऱ्याला झेंडूच्या माळेखाली नव्याण्णवचा आकडा दिमाखात झळकला आणि साडूभाऊंची मोटार गोगलगायीसारखी निघाली. माणसं पोट धरून हसली. बँकवाले म्हणाले, "काका, धक्का मारू का?" मला क्षणात कळलं. हात लांब केला असता तर बटणापर्यंत पोचला असता. पण मग ते मला कसं ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं. मी आपट्याची पानं वाटायला उठलो.

पुढे दोन महिने साडूभाऊ ते मशीन उघडत राहिले. दोष असलाच तर आत असणार, बाहेर कसला असतो, असा त्यांचा विश्वास. आणि आकडा तर नव्याण्णवच! शेवटी एक दिवस म्हणाले, "मास्तर, माझ्या हाताचा गुण गेला. न्या हे तुमच्या शाळेत." शाळेत नेऊन मी सगळ्यात आधी बटण दाबलं. मशीन पुढे सहा वर्षं पळालं. साडूभाऊ विचारत, "चालतं का हो?" मी म्हणे, "बऱ्यापैकी." ते म्हणत, "तुमच्याकडे कुणाचा तरी हात चांगला असणार." दारावरची घंटा बिघडली तेव्हा त्यांनी बाजारातून नवी आणली. तिच्यात चिमणी बोलायची. ताईंना ती कधीच आवडली नाही.

शाळेने मशीन मोडीत काढलं तेव्हा ते बटण मी उपटून घेतलं आणि खिशात घालून नाशकाला गेलो. साडूभाऊ तेव्हा लेकीकडेच राहत. मी बोलायला तोंड उघडणार, तोच लेक बंद पडलेला मिक्सर पिशवीत घालून बाहेर निघाली. त्यांनी मिक्सरकडे पाहिलं, दोन्ही हात शालीत घेतले आणि म्हणाले, "दुकानातच दे गं. माझ्या हाताला आता यश नाही." माझी मूठ खिशात बटणावर आवळलेली होती. तेवढ्यात ताईंनी कप पुढे केला आणि मी म्हणालो, "वा, चहा छान झालाय!" त्याच वर्षी साडूभाऊ गेले.

साडूभाऊ, मशीन उत्तम होतं. तुमच्या हाताचा गुण कधीच गेला नव्हता. बोट माझं होतं. मला माफ करा.