प्लास्टिकच्या वरचं पाणी

महामाया इंगळे चिखलीत राहते आणि लाकडी फ्लोरिंग बसवते. तसं ते अस्सल लाकूड नसतं. दाबून घट्ट केलेल्या भुश्श्याच्या पट्ट्या असतात आणि वर लाकडासारखा दिसणारा कडक थर. पण गिऱ्हाईक त्याला लाकडीच म्हणतं, म्हणून तीही म्हणते. वय अडतीस. स्कूटीच्या पुढच्या जागेत कटरची पेटी, मागे रबरी हातोडा, पाचरांची थैली आणि गुडघ्याखाली घ्यायला एक जुनी गोधडी. एवढ्या सामानावर तिनं बुलढाणा, मेहकर, देऊळगाव अशी कितीतरी घरं केली आहेत.

हे काम ती नवऱ्यामुळे शिकली, पण त्यानं शिकवलं म्हणून नाही. देवानंद पुण्यात वाकडच्या बाजूला एका ठेकेदाराकडे फिटर होता आणि ती त्याच साइटवर पट्ट्या उचलायला, केर काढायला असायची. केर काढता काढता ती पाहत राहायची. एकदा दाराच्या चौकटीत बसणारी पट्टी देवानंदनं तीनदा कापली आणि तीनदा वाया गेली. चौथी महामायानं कापली. ती बसली. ठेकेदार हसला, देवानंद हसला नाही, पण त्या दिवसापासून चौकटीजवळच्या पट्ट्या तो तिच्याकडे द्यायला लागला.

लॉकडाऊनमध्ये दोघं चिखलीला परत आले. पुढं दोन वर्षांत देवानंदच्या मणक्यातली गादी सरकली आणि डॉक्टरनं सांगितलं, जमिनीवर बसायचं नाही. ज्या माणसाचं सगळं काम जमिनीवर, त्याला हे सांगणं म्हणजे काम सोडायला सांगणंच. देवानंदनं हत्यारं विकायला काढली. घ्यायला माणूसही आला. महामायानं त्या माणसाला बसवलं, चहा दिला आणि पेटी विकायची नाही असं सांगून वाटेला लावलं. देवानंदला हे त्या माणसाबरोबरच कळलं.

चिखलीत माणिकराव नावाच्या दुकानदाराकडे या पट्ट्या मिळतात. गिऱ्हाईक माल घेतं आणि फिटर तोच सुचवतो. बाई फिटर म्हटल्यावर माणिकराव महिनाभर आज-उद्या करत राहिला. शेवटी ती म्हणाली की एक खोली द्या, पसंत पडली नाही तर उखडून नेते. त्यानं स्वतःच्या दुकानामागची केबिन दिली. ती केबिन पाहूनच पुढची गिऱ्हाइकं मिळत गेली.

मग चिखली तालुक्यातल्याच उंद्रीचं काम आलं. रंगराव हे उंद्रीतले भाजीपाला पिकवणारे बागायतदार. नवं दुमजली घर बांधलेलं. मुलगा नोकरीनं बाहेर, घरी रंगराव, त्यांची बायको अंबूबाई, सून अनुपमा आणि नातू. नातू रांगायला लागला होता आणि फरशी थंड पडते म्हणून अनुपमानं तिच्या खोलीत फ्लोरिंग करायचं ठरवलं होतं.

पट्ट्यांची खोकी दोन दिवस आधीच त्या खोलीत आडवी ठेवायला महामायानं सांगितलं होतं, म्हणजे त्यांना तिथल्या हवेची सवय होते. पहिल्या दिवशी तिनं फरशीवर प्लास्टिक अंथरलं, त्यावर फोम आणि भिंतीकडून पट्ट्या एकीत एक अडकवत निघाली. अंबूबाई सकाळपासून दारात पाट टाकून बसल्या होत्या. त्यांना सगळ्यांत जास्त नवल भिंतीलगत सोडलेल्या फटीचं वाटलं. एवढं मन लावून करते आणि कडेला बोटभर जागा का सोडते, असं त्यांनी विचारलं. उन्हाळ्यात पट्ट्या फुगतात, जागा नसली तर मधेच उचलतात, असं महामायानं समजावलं. दुपारी अंबूबाईंनी तिला डबा उघडू दिला नाही. स्वतःच्या शेजारी बसवून ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, लेकरं किती, नवऱ्याचं दुखणं कसं, सगळं विचारलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास महामायाचा फोन वाजला. मेहकरहून भाऊ बोलत होता. तिनं हातातली पट्टी सोडली नाही, फोन खांद्याला धरला आणि रोजच्यासारखी म्हणाली, “जयभीम, दादा.” दोन मिनिटं बोलून फोन ठेवला. वर पाहिलं तर दारातला पाट रिकामा होता.

त्या दुपारी जेवायला कोणी बोलावलं नाही. चहा आला तो कागदी कपात, आणि हातात न देता खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला. महामायाला यातलं काहीच नवं नव्हतं. तिनं चहा तसाच राहू दिला. संध्याकाळपर्यंत उरलेल्या पट्ट्या बसवल्या, भिंतीच्या फटीवर स्कर्टिंगची उभी पट्टी ठोकली, आणि अनुपमाला नेहमीच्या सूचना दिल्या. मऊ झाडू मारायचा. पुसायचं तर घट्ट पिळलेल्या फडक्यानं. बादली ओतायची नाही, पाणी सांडलं तर लगेच टिपायचं. पलंगाच्या पायांखाली जाड कापडाच्या चकत्या लावायच्या. अनुपमा दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन आठ दिवस माहेरी जाणार होती, ती म्हणाली आल्यावर चकत्या लावते.

बारा दिवसांनी माणिकरावनं तिला दुकानात बोलावलं. उंद्रीची जमीन फुगली होती. रंगराव त्याला फोनवर बरंच बोलले होते. बाईनं खाली प्लास्टिक टाकलंच नाही, फरशीची ओल वर आली, दोन दिवसांत उरकून गेली, असं ते म्हणत होते. गावातल्या हॉटेलातही हेच सांगत होते. माणिकरावनं तिला तोंडावर लबाड म्हटलं नाही. एवढंच म्हणाला की पुढची दोन कामं सध्या खामगावच्या फिटरला देतो.

घरी देवानंदचं म्हणणं पडलं की जाऊन हात जोडावेत आणि फुकटात परत बसवून द्यावं. या धंद्यात नाव गेलं तर काही उरत नाही. महामाया म्हणाली की नाव राखायचं म्हणूनच हात जोडायचे नाहीत. प्लास्टिक तिनं स्वतः अंथरलं होतं, सांध्यावर सांधा चढवून चिकटपट्टी लावली होती. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेतली आणि उंद्रीला गेली.

रंगरावांनी तिला ओसरीतच थांबवलं. आता पाहण्यासारखं काही नाही, दुसरा माणूस बोलावला आहे, असं ते म्हणाले. शेजारचे दोघं तिथं बसलेले होते, ते उठले नाहीत.

“काकाजी,” महामाया म्हणाली, “तुम्ही माझं नाव चार जागी घेतलं. मी काही म्हटलं नाई. आता माझ्यासमोर खोली उघडा.”

रंगराव काही बोलायच्या आत आतून अनुपमा आली आणि म्हणाली, “या ताई.” शेजारचे दोघंही मागोमाग आले, आणि महामायाला ते बरंच वाटलं.

खोलीच्या मधल्या भागात पट्ट्यांच्या कडा पापडासारख्या उचलल्या होत्या. पाय ठेवला की दबायच्या आणि करकरायच्या. मात्र कपाटाच्या बाजूला, जिथं कोपरा आडोशाला होता, तिथं जमीन काचेसारखी सपाट होती. महामायानं ते पाहून ठेवलं. तिनं रंगरावांना खुर्चीवर बसायला सांगितलं, गोधडी टाकली आणि दारालगतचं स्कर्टिंग काढलं. मग एकेक पट्टी उलट्या क्रमानं सोडवत आली. चौथी पट्टी निघाली तेव्हा खालून वास आला.

फोम भिजून जड झाला होता आणि त्याला गोमूत्राचा वास होता. आठ-दहा दिवस पट्ट्यांखाली कोंडलेला वास, तो एकदम खोलीभर झाला. शेजारच्यांपैकी एकानं नाकाला रुमाल लावला.

महामायानं फोम गुंडाळून बाजूला केला. खाली प्लास्टिक होतं, जसं तिनं अंथरलं होतं तसंच, चिकटपट्टीसकट. त्यावर पाण्याचे थेंब साचलेले. तिनं ते फडक्यानं टिपले, मग प्लास्टिकची कड उचलून घडी घातली. खालची फरशी कोरडी होती. तिच्यावर धूळसुद्धा कोरडी होती.

“हात लावून पाहा,” ती रंगरावांना म्हणाली.

ते खुर्चीवरून उठले, वाकले, हात लावला. हाताला धूळ लागली. ती त्यांनी धोतराला पुसली आणि तसेच वाकलेले राहिले.

“खालून ओल आली असती तर प्लास्टिकच्या खाली पाणी असतं. पाणी वर हाये. म्हंजे वरून आलं.”

 अनुपमा सासूकडे पाहत होती. अंबूबाई दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. शेवटी त्याच बोलल्या.

“मी धुतली. तीन दिवस धुतली. माझं घर हाये.”

त्या खाली पाहून बोलल्या नाहीत, हे महामायाला पुढंही आठवत राहिलं. तीही उठून उभी राहिली.

“घर तुमचंच हाये, काकू. तुमच्या घरात तुम्ही काय धुवायचं ते धुवा. पण धुतलं तुम्ही आन् खोटी मी पडली, हे चालनार नाई.”

अंबूबाई आत निघून गेल्या. रंगरावांना हे खरंच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते म्हणाले की झालं ते झालं, नवा माल मी आणतो, तू बसवून दे. महामाया म्हणाली की आधी माणिकरावांना फोन लावा, आवाज मोठा करून, आणि ज्या तोंडानं वाईट सांगितलं त्याच तोंडानं खरं सांगा. रंगराव म्हणाले, संध्याकाळी लावतो. ती म्हणाली, आत्ता. पेटी तिनं उघडीच ठेवली होती आणि ती त्या पेटीशेजारी उभी होती, जायच्या घाईत असल्यासारखी नाही.

रंगरावांनी फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले की बाईचं काम बरोबर होतं, खाली प्लास्टिक आहे, वरून जरा पाणी पडलं होतं.

“पडलं नाई, काकाजी,” महामाया म्हणाली. “टाकलं.”

फोनमधून माणिकरावचं “काय?” ऐकू आलं. रंगरावांनी अंबूबाई गेल्या त्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “टाकलं होतं. आमच्याच घरातून टाकलं होतं.” माणिकरावनं का म्हणून विचारलं नाही. तोही याच तालुक्यातला होता.

चार दिवसांनी नवा माल आला, दोन दिवस खोलीत पडला, मग महामाया गेली. डबा आणि पाण्याची बाटली तिनं घरून नेली होती आणि चहा नको म्हणून आधीच सांगितलं होतं. तरी दुपारी अनुपमा बशीवर दोन कप घेऊन आली, घरातलेच कप, आणि अर्ध्या झालेल्या जमिनीवर तिच्यासमोर मांडी घालून बसली. एक कप तिनं स्वतः उचलला. महामाया म्हणाली, ही ओळ होऊ दे. ओळ पूर्ण केल्यावर तिनं तो चहा प्यायला. तोवर तो गार झाला होता. 

काम संपल्यावर तिनं पुसायचं कसं ते दाखवायला अंबूबाईंना बोलावलं. त्या आल्या नाहीत. मग ती म्हणाली की घरातल्या कुणीतरी मोठ्या माणसानं शिकून घ्यायला हवं, आणि फडकं रंगरावांच्या हातात दिलं. त्यांनी ते बादलीत बुडवून पिळलं. थेंब पडत होते. “अजून पिळा,” ती म्हणाली. त्यांनी पिळलं. “अजून.” थेंब थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही.

माणिकरावनं कामं परत द्यायला सुरुवात केली. त्याबद्दल त्यानं काही बोलून दाखवलं नाही, तिनंही विचारलं नाही. मात्र एक गोष्ट तिनं बदलली. आता ती नव्या घरी पाय ठेवल्या ठेवल्या, पेटी उघडायच्या आधी, घरच्यांना जयभीम करते. ज्याला परत पाठवायचं असेल त्यानं पट्ट्या बसायच्या आधीच पाठवावं. देवानंदला हे पटलं नाही. अशानं अर्धी कामं जातील, असं तो म्हणाला.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “उरलेलं अर्धं तरी मी बसवलं तसं राह्यल.”

अर्धी कामं गेली नाहीत. वरवट बकालमधल्या एका घरात मालक बाहेरगावी गेलेत असं सांगण्यात आलं, आणि मालक आत टीव्ही पाहत होते. ती स्कूटी वळवून एवढ्या लांबून परत आली आणि त्या दिवशी चिखलीत दुसऱ्या कामाचं माप घेऊन टाकलं. सध्या ती हिवरा आश्रमला एका निवृत्त शिक्षकाच्या घरी तीन खोल्या करते आहे. तिथल्या एका खोलीची फरशी मधेच खोलगट निघाली, म्हणून आधी ती भरून समतल करावी लागली, आणि काम दोन दिवस लांबलं. मास्तर घाई करत होते. तिनं त्यांना सांगितलं आहे की भरलेली फरशी वाळल्याशिवाय एकही पट्टी बसणार नाही.