लेट आधी, लेट नंतर

ऐका ना, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, उद्यावर टाकलं तर मी सांगणारच नाही. चिकपेटहून घरी निघालेय, मेट्रोत उभी आहे, एका हाताने दांडा धरलाय आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाइप करतेय. चुका होतील. होऊ देत. अक्का असती तर प्रत्येक चुकीखाली रेघ मारून फोन परत दिला असता... अक्का नाहीये. तेच तर सांगायचंय.

अक्का म्हणजे रेवती, माझ्या मावशीची मुलगी, माझ्याहून बरीच मोठी. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या आहे की ताईला आम्ही अक्का म्हणतो, आणि आमचं मराठी ऐकून ऑफिसातली पुण्याची मंडळी गालातल्या गालात हसतात. काही आठवडे झाले त्या दिवसाला. मी बेळ्ळंदूरला ऑफिसात होते, मीटिंग चालू होती, मावशीचा फोन आला. मावशी घरात मराठीशिवाय बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "पुट्टी, होगबिट्रू." पुट्टी म्हणजे मी, घरातली धाकटी; होगबिट्रू म्हणजे 'गेल्या'. नर्सने तिला कन्नडमध्ये जे सांगितलं तेच तिने जसंच्या तसं माझ्याकडे सरकवलं, आदरार्थी रूपासकट. स्वतःच्या मुलीला कोण 'गेल्या' म्हणतं? मी पण मूर्खासारखं विचारलं, "कोण गेल्या?"

अक्का बेळ्ळंदूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि शनिवारी दुपारनंतर चिकपेटला, आमच्या एका नातेवाइकांच्या, म्हणजे श्रीपादअण्णांच्या साडीच्या दुकानावरच्या खोलीत, आसपासच्या मुलांचा वर्ग घ्यायची. सगळी मराठी घरं, कुणाचे वडील दुकानात साड्या उलगडतात, कुणाची आई फॉल-पिको करते, बरेचसे बेळगावकडून आलेले. मी मदतीला म्हणून जायचे, खरं तर ऐकायला जायचे. कारण अक्का विशेषणं शिकवायला लागली की धमाल असायची! खालून एक साडी मागवायची, मधोमध टाकायची आणि म्हणायची, "ही नाम. नाम काही न बोलता पडून राहतं. आता विकून दाखव. इंग्रजीत." पोरं ओरडायची, गुड सारी! नाइस सारी! "गुड आणि नाइस ही विशेषणं नाहीत, आळस आहे. गिऱ्हाईक उठून गेलं बघ समोरच्या दुकानात." मग हळूहळू सुरू व्हायचं, सॉफ्ट, हेवी, पेल, शायनी, आणि एकदा मंजुळा नावाची मुलगी म्हणाली, "इची सारी," टोचणारी, तर अक्काने जिन्यातून वाकून अण्णांना हाक मारली, "अण्णा, तुमच्या मालाला खरं बोलणारी एक जण मिळाली!" अण्णा खालून, "तिला माझ्या काउंटरला बसवू नकोस म्हणजे झालं!"

मुलांचा एक घोळ ठरलेला असायचा. आपल्यात निळा, निळी, निळं, त्यामुळे त्यांना वाटायचं इंग्रजीतही असणार. "मिस, गुडचं स्त्रीलिंग गुडी का?" अक्का म्हणायची, "इंग्रजीतलं विशेषण हट्टी असतं रे. राजा येऊ दे नाहीतर म्हैस, ते कुणापुढे बदलत नाही. बदलते फक्त जागा." आणि ओळखायची तिची एक युक्ती होती, आधी-नंतर. शब्द नामाच्या आधी लावून बघ, मग नंतर लावून बघ. रेड सारी. सारी इज रेड. दोन्हीकडे बसला की पक्कं विशेषण.

आता हे बघा. अक्का वर्गाला दर शनिवारी उशिरा. वर्ग चारचा, ही येणार साडेचारला, बेळ्ळंदूरहून निघून रिंग रोडला अडकून, मग मेट्रो, मग गर्दीतून जिना चढून, पदराने मान पुसत. एका शनिवारी ती आत येतेय तर मंजुळा फळ्यापाशी उभी राहून जोरात सांगतेय, "मिस इज लेट. नंतर बसलं. लेट मिस. आधी पण बसलं. लेट पक्कं विशेषण!" अक्का दारातच खाली बसली. हसून हसून. "अगं मारलंस की मला!" पोरांना कळेना. मग तिने डोळे पुसत समजावलं, की हा एकच शब्द फार वाईट आहे, नावाच्या आधी लागला की माणूस मेलेलं असतं, नंतर लागला तर नुसता उशीर. "नंतर ठेव गं बाई, नंतर! नंतर ठेवलंस तर मी निदान वाटेत तरी असते." त्यानंतर तो वर्गाचा खेळच झाला. ती जिन्यावर दिसली की सगळे एका सुरात, "मिस इज लेट!" आणि ती, "शाब्बास, नंतर!"

पाठीतलं दुखणं तिने अंगावरच काढलं. परीक्षा, पेपर तपासणं, मग सुट्टीत बघू... डॉक्टरांकडे मी गेले होते सोबत. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि अगदी मायेने म्हणाले, "स्वल्प लेट आयतु, अम्मा." थोडा उशीर झाला. बाहेर बाकावर बसल्यावर मला वाटलं ही आता कोसळेल. ती म्हणाली, "बस लेट होते ती स्वल्प. हे कसलं गं स्वल्प?"

शेवटचं भेटले ते मल्लेश्वरमला, मावशीच्या घरी. वर्ग तोवर मीच घ्यायला लागले होते. अक्का ओळखू येत नव्हती, फक्त हाताची बोटं तिची होती, खडूने कोरडी पडलेली. तिने विचारलं, "मुलांना काय सांगितलंस?"

"बरं नाही म्हणून."

"तसं नको. मंजुळा रडेल आणि बाकीचे तिच्या मागून. विचारलं तर सांग, मिस इज लेट." आणि मग, "खोटं नाही ना ते?"

मी मान हलवली. तिने पुढचा धडा काय घेणार विचारलं, मी म्हटलं, तुलना, डिग्रीज. "हं. बॅड, वर्स..." म्हणाली, आणि पाणी मागितलं. तिसरं रूप काही तिने म्हटलं नाही.

ती गेल्यानंतरच्या शनिवारी मी वर्गात उभी राहिले, मंजुळाने विचारलं, आणि माझ्या तोंडून आलं, मिस इज लेट. पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. अण्णांना वाटत होतं मी सांगितलं असेल, आईबापांना वाटत होतं अण्णांनी, मला वाटत होतं आईबापांनी सांगितलंच असणार, आता मी कशाला... पण मुलं विचारत होती, म्हणजे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला हे कळत होतं. अर्ध्या तासाचं ट्रॅफिक सांगावं तसं मी एक मरण सांगत होते.

मग मावशीने वर्गात लावायला अक्काचा फोटो करायला सांगितला. फ्रेमवाल्याने खाली नावाची पट्टी टाइप करता करता सहज विचारलं, "हेसर मुंदे लेट हाकला, मेडम?" नावाच्या आधी लेट टाकू का. रोजचाच प्रश्न त्याचा. त्याच्यामागे भिंतभर लोक होते, सगळ्यांच्या नावाआधी तो शब्द. मी त्याला काय सांगणार होते, की भाऊ, नंतर टाक? मी म्हटलं, "हाकी." टाका.

आज ती फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. ठरवलं होतं, आधी सांगायचं, मग कागद काढायचा. पण अण्णा हातोडी घेऊन वर आले, त्यांनीच कागद फाडला, आणि अक्का सगळ्यांसमोर. मुलं खूश झाली हो! मिसचा फोटो! मंजुळा जवळ येऊन पट्टी वाचायला लागली. बोट फिरवत, एकेक अक्षर. थांबली.

"मिस, ह्यांनी आधी लावलंय."

मी फाटलेला कागद गोळा करायला लागले.

"दुकानवाला चुकला काय?"

"नाही गं."

"नंतर लावून बघू?"

मी मानेनेच नको म्हटलं. अण्णांच्या हातात खिळा तसाच. तेवढ्यात मागून गौरी, जी कधी बोलत नाही ती, हळूच म्हणाली, "मला माहीत होतं. आमच्या अप्पांनी केव्हाच सांगितलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दर शनिवारी म्हणायचात ना, लेट आहेत म्हणून... मला वाटलं तुम्हालाच माहीत नाही."

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मंजुळा रडली, आणि बाकीचे तिच्या मागून. अगदी अक्का म्हणाली होती तसंच. अण्णांनी खिळा ठोकला. धडा झाला नाही.

आणि आता मेट्रोत मला जे सुचतंय ते भलतंच आहे. अक्का कधी साडेचारच्या आत आली नाही, म्हणून मुलंही चारला येत नाहीत, अजूनही साडेचारच्या तोंडावरच येतात. मी मात्र चारला जाते. तो अर्धा तास त्या खोलीत कुणी नसतं. खालून साड्या उलगडल्याचा आवाज येतो, जिन्यावर चपला वाजतात, आणि मी उठून फळा पुसायला लागते, कारण अक्काला आल्या आल्या कोरा फळा लागायचा. चपला कुणा गिऱ्हाइकाच्या असतात, त्या खालीच वळतात. आजही पुसला मी. कागदात गुंडाळलेली फ्रेम तिथेच खुर्चीवर होती, तरी पुसला. पुढच्या शनिवारी ती भिंतीवर असेल, आणि मला माहितेय मी तरी चारलाच जाणार आहे.

तुमच्याकडे आहे का असं कुणी, कायम उशिरा येणारं... आणि ते गेल्यावरही तुम्ही त्यांच्या उशिराएवढं थांबता का? खरंच सांगा, तुमचं झालंय असं?