घरट्यातली बातमी

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लोक सांगतात त्यावर जायचं नाही, आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं, हा त्यांचा बाणा. चौथ्या मजल्यावर आवाज येतो म्हणून कुणी बोलावलं, की हे आधी लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरत आणि वर येऊन सांगत, आवाज चौथ्यावर नाहीच, खाली आहे. बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघे, आणि त्यानंच तर घोटाळा केला.

एकुलत्या एका मुलीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हा मिस्त्रींनी अबोला धरला. भांडण असं झालंच नाही. भांडायलाही तोंड उघडावं लागतं. बायको होती तोवर इकडचं तिकडे पोचवायची. ती गेल्यावर सुरुवात कुणी करायची, हेच दोघांना उमगेना. तीन वर्षं अशीच गेली.

मग एके दिवशी मुलीनं मोबाईलवर एक लिंक पाठवली. खाली एवढंच लिहिलेलं, ‘बाबा, हे बघा.’ कुठल्याशा दूरच्या जंगलात उंच झाडावर कॅमेरा बसवला होता आणि गरुडाची जोडी तिथं घरटं बांधत होती.

मिस्त्रींना नादच लागला. साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ते दिवसभर बघत बसत. नर कामावर नजर ठेवून असतो म्हणून त्याला त्यांनी ‘फोरमन’ केलं, मादी झाली ‘बाईसाहेब’. फोरमन मासा घेऊन आले, असं ते मुलीला कळवत. बाईसाहेबांनी एकटीनंच फस्त केला, असं तिचं उत्तर येई. स्वतःबद्दल मात्र दोघंही मूग गिळून. तरी दिवसातून चारदा बाप-लेकीचं बोलणं होत होतं, आणि मिस्त्रींच्या मते गाडी रुळावर आली होती.

मादीनं दोन अंडी घातली. त्या सुमारास मुलीनं लिहिलं, ‘बाईसाहेबांना हल्ली फार थकवा येतो.’ मिस्त्रींनी कळवलं, थकवा नाही, फोरमन बदलीला उशिरा येतो. ती म्हणाली, ‘घाबरल्यात जरा. पहिलीच वेळ ना.’ मिस्त्रींनी तेही सुधारलं. पहिली कुठली, मागच्या वर्षीही याच जोडीची पिल्लं होती, खाली माहितीत लिहिलंय.

एका मंगळवारी दुपारी तिचा निरोप आला, ‘बाबा, घरट्यातलं गेलं.’

मिस्त्रींनी हातातला चहा बाजूला ठेवला. त्यांनी कॅमेरा उघडला. मादी बसलेलीच, खालचं काही दिसेना. चहा निवला, पण ते हलले नाहीत. शेवटी ती उठली, आणि दोन्ही अंडी जागच्या जागी. मिस्त्रींनी लगेच लिहिलं, ‘चूक. दोन्ही आहेत. नीट बघत जा.’ वर स्वतःवर खूशही झाले. मुलीकडून नुसता अंगठा आला.

त्यानंतर तिचे निरोप आटले. मिस्त्रींना वाटलं, पोरीचा उत्साह चार दिवसांचा. पिल्लं निघाली, मोठी झाली, उडून गेली. आणि मग एका सकाळी जावयाचा फोन आला, आयुष्यात पहिल्यांदा. ती नको म्हणत होती, तरी करतोय, म्हणाला. ती अजून सावरलेली नाही, तुम्ही एकदा बोलाल का? मिस्त्रींनी विचारलं, कशातून सावरायची?

जावई म्हणाला, “चौथ्या महिन्यात मूल गेलं आमचं. तिनं तुम्हाला कळवलं होतं ना?”

फोन ठेवून मिस्त्रींनी जुने निरोप पहिल्यापासून वाचले. थकवा कुणाला होता, घाबरलं कोण होतं, पहिली वेळ कुणाची होती, ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. त्यांनी मुलीला फोन लावला. बोलायचं खूप होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“मी बघितलं गं तेव्हा. चाळीस मिनिटं नजर हलवली नाही.”

“हो,” ती म्हणाली, “चाळीस मिनिटं तुमचं उत्तर आलं नाही. तेवढा वेळ मला वाटत होतं, तुम्ही इकडे यायला निघालात.”