जादूच्या तलवारी किती असाव्यात

कारखान्याच्या हत्यारांच्या स्टोअरमध्ये मी बावीस वर्षं जाळीच्या आत बसतोय. कामगार पितळेचा बिल्ला देतो, मी त्या बदल्यात पाना देतो आणि पान्याच्या रिकाम्या खिळ्यावर बिल्ला लटकवतो. नवं ड्रिल हवं असेल तर मोडलेलं आणून दाखवायचं, तेही दोन्ही तुकड्यांसकट. चांगले पाने मी मागच्या कपाटात ठेवतो आणि कुणी विचारलं की "शिल्लक नाहीत" म्हणतो. म्हणून लोक मला 'कुलूप' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, असा माझा समज होता. नंतर कळलं की तोंडावरच म्हणायचे, मीच लक्ष देत नव्हतो.

अशा माणसाच्या हाती रविवारी दुपारी एक अख्खं जग असतं.

झालं असं की मुलगी कॉलेजातून एक खेळ शिकून आली. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि वार लागला की हुकला हे फाशांनी ठरवायचं. डोंगर, राक्षस, ऊन, वारा, सगळं गोष्ट सांगणाऱ्याच्या मर्जीवर. घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा माझ्या हाती लागत नाही, त्यामुळे मी लगेच तयार झालो. मुलगी लढवय्यी झाली. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळते, ती मांत्रिक झाली. मेहुण्याचं सलून आहे, तो बुटका दरोडेखोर झाला.

पहिल्या जगात मी हात इतका सैल सोडला की विचारू नका. आठवडाभर "नाही, नाही" म्हणून तोंड दुखायचं, त्याची भरपाई रविवारी करायचो. प्रत्येक गावात जादूच्या हत्यारांचं दुकान. पाचव्या रविवारी मेहुण्याकडे सात जादूच्या तलवारी झाल्या. पेटत्या तलवारीवर तो ओले मोजे वाळवायचा. पंधरा दिवस खपून मी एक अग्निसर्प रचला होता, तो चहा निवायच्या आत मेला. मुलीनं जांभई दिली.

"अति झालं आणि हसू आलं," बायको म्हणाली, पण हसत कुणीच नव्हतं. ते जग तिथेच बंद पडलं.

मग मी दुसरं जग काढलं आणि माझा मूळ स्वभाव वर आला. अख्ख्या जगात जादूची तलवार एकच. बाकीच्या साध्या, त्यातल्या निम्म्या गंजक्या. दोन वर्षांनी मोठ्या मनानं एक जादूचा बाण दिला, तोही मारल्यावर शोधून परत आणायचा.

"भाऊजी, एखादा जादूचा वस्तरा तरी?" मेहुण्यानं विचारलं.

"शिल्लक नाही."

"अहो, हे सगळं तुमच्या डोक्यातलंच आहे ना? की तिथेही कपाट केलंय?" बायको म्हणाली.

पण खेळ रंगला, हे मान्य करावं लागेल. लोक विचार करून लढायला लागले, घाबरायला लागले. मी कॉलर ताठ करून फिरायला लागलो. मुलगी मात्र दर दोन-चार रविवारी विचारायची, "बाबा, ती तलवार मला मिळेल?" मी म्हणायचो, "बघू." असं तीन वर्षं चाललं.

मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघायला दोनच रविवार राहिले. तिनं ती तलवार एकदा तरी उपसावी आणि तेव्हाचं तिचं तोंड मला बघायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. तलवार म्यानाबाहेर आल्यावर काय होतं, याचं वर्णन मी जेवणाच्या सुट्टीत लिहून काढलं. चार पानं भरली. बावीस वर्षांत मी एवढं फक्त तक्रारींना उत्तर देताना लिहिलं होतं.

त्यातल्या पहिल्या रविवारी तलवार दिली. पण नुसती देईन तर मी कसला! देता देता अट घातली. तलवार एकदाच उजळेल, त्यानंतर साधं लोखंड. मुलीनं मान डोलावली आणि ते स्वतःच्या कागदावर नीट लिहून घेतलं.

शेवटच्या रविवारी पुलावर राक्षस आला. मेहुणा पाण्यात पडला, बायकोचे मंत्र संपले, मुलगी जखमी होऊन एका गुडघ्यावर आली. माझी चार पानं मांडीखाली तयार होती.

"तुझ्या कमरेला काहीतरी गरम लागतंय," मी सुचवलं.

"लागू दे. मी साध्या तलवारीनं वार करते."

"म्यान थरथरतंय."

"बाबा, ती मोठ्या संकटासाठी ठेवलीय. आत्ता वापरली आणि पुढे लागली तर?"

हे वाक्य माझंच होतं. जाळीपलीकडच्या प्रत्येक माणसाला मी ते ऐकवलंय, आणि घरातही काही कमी वेळा नाही. बायको माझ्याकडे बघत होती.

मुलीनं फासा टाकला. चारच्या वर हवं होतं, दोन पडले. राक्षसाचा घाव बसला आणि तिची लढवय्यी पुलावर मेली. तलवार म्यानातच राहिली. मेलेला परत येत नाही, हा नियमही माझाच.

मुलीनं कागदाची घडी घातली. मग हसून म्हणाली, "जाऊ दे. पण पुढे मोठं काय होतं रे?"

खोटं बोलता आलं असतं. दिवसभर तेच तर करतो.

"काही नव्हतं गं," मी म्हणालो. "हेच सगळ्यात मोठं होतं."

तिचं हसू गेलं. "मग सांगायचं ना, बाबा."

सांगणारच होतो. पण मला वाटलं, वेळ आली की सांगू.